आई आता माहेरच्या नावालाच ओ देते

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे, ते थोडक्यात असं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पत्र लिहिणाऱ्या ताई ५२ वर्षांच्या, फलटण तालुक्यात राहणाऱ्या. आई ७९ वर्षांची. तिचं माहेर मालवणजवळ, किनाऱ्यावरचं. लग्न होऊन ती देशावर माळकरी घरात आली आणि लग्नातच तिचं नाव बदललं. माहेरचं नाव एका फुलाचं होतं, सासरी रखुमाईचं मिळालं. पाच वर्षांनी सासऱ्यांच्या सांगण्यावरून तिने तुळशीची माळ घातली आणि मासे सुटले. पुढे तिने अठरा वाऱ्या केल्या. चार वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. गेलं वर्षभर ती ताईंकडे असते.

चार-पाच महिन्यांपासून ती सासरच्या नावाला ओ देत नाही. माहेरच्या नावाने हाक मारली तर लगेच वळून बघते. बोलण्यात मालवणी आली आहे, ती घरात कुणालाच धड कळत नाही. रोज अकराच्या सुमारास दारात जाऊन विचारते, "गाबतीण इली नाय?" (मासेवाली आली नाही?) जेवताना ताट सरकवते, "बांगडो खंय?" (बांगडा कुठे?) लेकीला "आये" म्हणते; मालवणीत आये म्हणजे आई. संध्याकाळी शेजारी हरिपाठ सुरू झाला की मात्र तिची बोटं गळ्यातल्या माळेकडे जातात आणि ओठ हलू लागतात. पेन्शनच्या कागदावर तिने माहेरच्या नावाने सही केली, बँकेने तो परत पाठवला.

ताईंचे मोठे भाऊ, दादा, दर रविवारी येतात. तेही माळकरी. त्यांचं म्हणणं, "ही आपली आई राहिलेलीच नाही, आजार बोलतोय. पण तिची माळ आपण मोडायची नाही." आईने मासे मागितले की ते तिला रागावतात. ताई विचारतात, "मी तिला मासे करून घालू का? घातले तर आईशी बेइमानी होते, नाही घातले तर समोर बसलेल्या या बाईशी. यातली खरी आई कोणती? आणि ती मला आई म्हणत असेल तर मी तिची कोण?"

ताई,

आधी दादांच्या दोन वाक्यांचा मेळ बसतो का बघा. एका दमात ते म्हणतात ही आपली आई राहिली नाही, आणि दुसऱ्या दमात म्हणतात आईची माळ मोडायची नाही. समोरची बाई आई नसेल तर तिच्या गळ्यातली माळ कुणाची? हे त्यांना भांडणात ऐकवू नका. माणूस डोळ्यांदेखत थोडा थोडा जात असेल तर 'गेलाच' म्हणून टाकणं कमी दुखतं. दादा तेच करताहेत. आणि माळेवर त्यांचा एवढा जीव आहे, त्या अर्थी आई त्यांच्या मनातून गेलेली नाही.

तुमचा प्रश्नही त्याच घरातला आहे, फक्त तुम्ही तो उघड विचारता. खरी आई कोणती, असं विचारताना तुम्ही धरून चालता की आया दोन आहेत: एक तुमची, आणि एक आजाराने आणून बसवलेली.

तिच्या लग्नाचा दिवस डोळ्यांपुढे आणा. तुम्ही तेव्हा नव्हता, पण आपल्याकडची लग्नं पाहिली आहेतच. ताटात तांदूळ पसरतात, नवरा सोन्याच्या अंगठीने त्यावर नवं नाव लिहितो, पेढे वाटले जातात. जन्मापासून ज्या नावाला ओ दिली ते नाव दिवे लागेपर्यंत मोडीत निघतं. तुमच्या आईचं तर नावाबरोबर गाव गेलं, बोली गेली, समुद्र गेला, पाच वर्षांनी ताटातला बांगडाही गेला. तेव्हा मांडवातल्या एकाने तरी विचारलं असेल का, की यातली खरी कोणती? लोक म्हणाले, 'छान रुळली हो!' आज ती त्याच वाटेने उलटी चालली आहे तर आपल्या पोटात गोळा येतो. त्या गोळ्यात आजाराची भीती आहे, ती रास्तच आहे. पण थोडा भाग याचाही आहे की त्या फुलाच्या नावाच्या मुलीला या घरात कुणी ओळखतच नव्हतं. आज ती पहिल्यांदा तुमच्या दारात येऊन उभी आहे.

ती का आली, याचं उत्तर साधं आहे. अल्झायमरमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लवकर झिजू लागतो. नव्या आठवणी पक्क्या करणं हे त्याचं काम. म्हणून सकाळचा चहा घेतलेला आठवत नाही, पण साठ वर्षांपूर्वीची पुळण, ती किनाऱ्यावरची वाळू, आठवते. पाठांतर, चाली, हातांना लागलेलं वळण हे सगळं मेंदूच्या दुसऱ्या भागांच्या आधाराने चालतं आणि बराच काळ टिकतं. आईचा हरिपाठ त्यामुळेच शाबूत आहे. तिच्यापुढे कणकेचा गोळा ठेवून बघा, हात आपोआप चालू लागतील.

नावाचा विषय निघालाच आहे तर एक जुनी हकिकत सांगते. नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात आलोइस अल्झायमर या डॉक्टरांनी ५१ वर्षांच्या आउगुस्टे डेटर यांना तपासलं. नाव काय? "आउगुस्टे." आडनाव? "आउगुस्टे." नवऱ्याचं नाव? "आउगुस्टे, वाटतं." पूर्ण नाव लिहायला सांगितलं, तर त्यांनी फक्त 'सौ.' या अर्थाचा जर्मन शब्द लिहिला आणि पुढचं विसरल्या. म्हणजे उरलं ते एक जन्माचं नाव आणि एक लग्नाची खूण. त्याच बाई म्हणत, "मी स्वतःला हरवून बसले आहे." हे कागद १९९५ मध्ये पुन्हा सापडले आणि ते वाक्य जगभर गेलं. मला त्या वाक्यातल्या 'मी'चं नेहमी नवल वाटतं. हरवल्याची तक्रार करायला कुणीतरी जागेवर होतंच ना!

आठवण गेली की माणूस गेलं, या समजुतीला चांगलं वजनदार पाठबळ आहे. सतराव्या शतकात जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने माणसाची ओळख त्याच्या आठवणींच्या धाग्याला बांधली, आणि आपण ते न वाचताही तसंच मानतो. पण २०१५ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी अशा आजारांच्या रुग्णांच्या घरच्यांनाच विचारलं, की तुमचं माणूस तुम्हाला अजून तेच वाटतं का. आठवणी गेल्याने त्यात फारसा फरक पडत नव्हता. माया, प्रामाणिकपणा, दुसऱ्याची कणव यांत बदल झाला, तेव्हा मात्र घरच्यांना माणूस परकं वाटू लागलं होतं. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय, की आई अजून नातवाच्या ताटात आपली अर्धी भाकरी सरकवते. त्याचं नाव तिला आठवत नाही, पण भाकरी सरकवते. हे वाक्य तुम्ही तळटीप असल्यासारखं लिहिलंत. माझ्या लेखी ते पत्रातलं पहिलं वाक्य आहे.

आता माशांकडे येते.

तुमच्या घरातला हा वाद तत्त्वज्ञांनीही घातला आहे. रोनाल्ड ड्वॉर्किन या अमेरिकी विचारवंताचं म्हणणं, माणसाने शुद्धीत असताना आपल्या आयुष्याला जो आकार दिला तो आजारपणातही इतरांनी राखावा. रिबेका ड्रेसर यांनी त्याला हरकत घेतली: जे माणूस आज आपल्यासमोर आहे त्याचं आजचं सुखदुःख, त्याला आठवतही नसलेल्या निर्णयांसाठी का डावलायचं? दादा ड्वॉर्किनच्या फडातले, तुम्ही ड्रेसरबाईंकडे झुकलेल्या. मला दोघांचंही पूर्ण पटत नाही, कारण दोघांच्याही मांडणीत एक 'तेव्हाची' आणि एक 'आताची' अशी सरळ वाटणी आहे. तुमच्या आईची तशी वाटणी होत नाही. सकाळी अकराला बांगडा विचारणारी आणि संध्याकाळी माळेवर बोटं फिरवणारी, दोघी आजच्याच आहेत.

'माळ सासऱ्यांनी घालायला लावली, ती तिची कधी नव्हतीच', असं म्हणून सुटायचा मोह होईल. मलाही झाला. पण आळंदी ते पंढरपूर म्हणजे जवळपास अडीचशे किलोमीटर, तेही अठरा वेळा. सासऱ्यांच्या शब्दाखातर माणूस एक वारी करेल, फार तर दोन. माळ गळ्यात कशी आली हा एक भाग. नंतर ती तिची झाली.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. जोवर आईची बोटं माळेकडे जाताहेत तोवर मी तिला मासे करून घालणार नाही. पंचावन्न वर्षांपूर्वीच्या शब्दासाठी नाही. आज संध्याकाळीही ती माळ तिला हवी असते, म्हणून. उद्या बोटं माळेला विसरली, माळ गळ्याला टोचते म्हणून ती ओढू लागली, हरिपाठ ऐकून ओठ हलेनासे झाले, तर माळ देव्हाऱ्यात नीट ठेवून द्या आणि आई मागते ते तिला वाढा. त्यात बेइमानी नाही. खाणं फारच कमी होऊन वजन उतरू लागलं आणि डॉक्टर म्हणाले की पोटात जाईल ते जाऊ द्या, तर माझं उत्तर त्याही आधी बदलेल. तेव्हा मासा काटा नसलेलाच निवडा, कारण या आजारात पुढे गिळायला त्रास होतो आणि ठसका जिवावर बेतू शकतो.

हे झालं ताटाचं. पण एक शंका मला पत्र वाचल्यापासून छळते आहे. आईला खरंच मासे खायचे आहेत का?

ती दारात जाऊन विचारते ते 'गाबतीण आली नाही का' असं. किनाऱ्यावरच्या गावात सकाळी मासेवाली डोक्यावर पाटी घेऊन येते, पाटी उतरवते, घरातल्या बाया भोवती जमतात, कल्ला वर करून मासा ताजा आहे का बघतात, भाव पाडतात, गावभरच्या बातम्या ऐकतात. एखाद्या मुलीला त्या वेळी आईच्या पदराआडून हे सगळं बघायला मिळत असेल. साठ वर्षांनी ती त्याच वेळी दारात उभी राहते. मग तिला बांगडा हवा आहे, की ती अकराची वेळ हवी आहे? तुमच्या आळीत भाजीवाली येत असेलच. तिला दोन मिनिटं टोपली दारात उतरवायला सांगा, आईला पुढे बसवा, वांगी-गवार हातात घेऊन बघू द्या, भाव करू द्या. भाजीवालीला आधी कल्पना द्या म्हणजे ती खेळात सामील होईल. पैसे आईच्या हातून जाऊ देत. जमलं नाही तर नाही, दुसऱ्या दिवशी परत.

ताटासाठीही कोकणातच उपाय आहे. श्रावणात मासे बंद असतात तेव्हा तिथल्या घरांत सुरणाचे नाहीतर नीरफणसाचे काप होतात: हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ लावायचं आणि तांदळाच्या पिठात रवा मिसळून, त्यात घोळवून तव्यावर खरपूस भाजायचे. सोबत ओल्या खोबऱ्याच्या वाटपाची, तिरफळं (कोकणातला एक मसाला) घातलेली आमटी. पण काप म्हणूनच वाढा, 'ही घे सुरमई' म्हणून नको. ती फसेल की नाही हा प्रश्न नाही. तुम्हाला रोज तिच्याशी खोटं बोलायची सवय लागेल, आणि ती तुम्हालाच जड जाईल. 'बांगडो खंय?' विचारलं तर 'आज गावला नाय, काप केलेत' एवढं पुरे. ते खोटंही नाही. फलटणला रोज कुठून ताजा बांगडा गावणार!

दादांचं रागावणं मात्र आजपासून थांबायला हवं. माशांच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूने बोलले, तेव्हा एवढं तर त्यांनी माझं ऐकावं. आयोवा विद्यापीठात २०१४ मध्ये झालेला एक प्रयोग त्यांना सांगा. अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळाने काय पाहिलं ते त्यांना आठवेना, पण मनावर आलेली उदासी किंवा खुशी रेंगाळतच राहिली. 'माळकरी असून लाज नाही वाटत?' हे वाक्य आई पाच मिनिटांत विसरेल. आपलं काहीतरी चुकलं आहे, ही बोच विसरणार नाही, आणि कशाबद्दल ते न कळता ती दिवसभर घेऊन बसेल. दादांना काम हवं असेल तर रविवारी त्यांनी तिच्याजवळ बसून हरिपाठ म्हणावा. त्या अर्ध्या तासात त्यांना त्यांची आई भेटेल असं मला वाटतं.

हाक कोणत्या नावाने मारायची? ज्याला ती ओ देते त्या. 'अगं, तुझं नाव ते नाही' असं सांगून तिला काही परत मिळत नाही, फक्त परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. सासरच्या नावाने संसार झाला, वाऱ्या झाल्या, ते नाव कुठे जात नाही. तुम्ही आणि दादा आहात ना ते सांभाळायला. माणसाची सगळी ओळख त्याच्या एकट्याच्या डोक्यात कधीच नसते. आपल्या जन्मवेळेची, पहिल्या शब्दाची आठवण आपल्यापाशी कुठे असते? ती आयांकडे असते.

आणि म्हणून 'आये'. मला कळतं, ते ऐकून आत काय होतं. माझी आत्या शेवटच्या दोन वर्षांत मला मास्तरीणबाई म्हणायची, कारण मी तिच्या औषधांची वही लिहीत असे. पहिल्यांदा मी मोरीत जाऊन रडले होते. नंतर लक्षात आलं, की तिने माझं काम अचूक ओळखलं होतं, फक्त नाव दुसरं लावलं होतं. तुमची आई तुम्हाला 'आये, माका भूक लागली' म्हणते. वेळेवर खायला देणारी, वेणी घालणारी, रात्री दिवा मालवणारी बाई कोण असते, याचं तिच्यापाशी एकच उत्तर आहे. तुमचं नाव चुकतं, पण नातं चुकतं असं मला म्हणवत नाही. तरीही एखाद्या दिवशी सहन होणार नाही. त्या दिवशी दादांना फोन करा, आईला दोन दिवस त्यांच्याकडे न्यायला सांगा आणि झोप काढा. वर्षभर तुम्ही एकट्या हे बघताय, त्याबद्दल पत्रात एक ओळ नाही.

डॉक्टरांशी एक बोलून घ्या. तुमच्या वर्णनावरून बदल महिन्यांत झालाय, म्हणजे तो आजाराच्या चालीतलाच असावा. पण असा फरक दोन-चार दिवसांत पडला, माणूस एकदम बरळायला लागलं किंवा गुंगून पडलं, तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, अंगातलं पाणी कमी होणं, नवं औषध, यांपैकी काही असू शकतं आणि ते बहुतेकदा उपचाराने बरं होतं. 'आता तिचं असंच' म्हणून थांबू नये. शिवाय सुरुवातीपासूनच विस्मरणापेक्षा स्वभाव पालटला असेल, भीड चेपली असेल, गोडावर झडप पडत असेल, तर स्मृतिभ्रंशाचा (डिमेन्शियाचा) प्रकार वेगळा असू शकतो. तुमच्या आईबाबत तसं दिसत नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी असेल.

बँकेचं. सही जुळत नसलेल्या वृद्ध, आजारी पेन्शनरांना अंगठ्याचा ठसा देता येतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. शाखेत जाऊन हे शब्द वापरून विचारा. मुखत्यारपत्राच्या भरवशावर मात्र राहू नका. ते देणाऱ्याची समज गेली की १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे मुखत्यारी संपते, ही गोष्ट बऱ्याच घरांना ऐन वेळी कळते. जमीन किंवा ठेवींचा मोठा व्यवहार असेल तर पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागू शकतं. त्यासाठी वकील गाठा.

इतर वाचकांसाठी थोडं. आपल्या देशात साठीपुढच्या साधारण ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे असा अंदाज आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. तेव्हा हे पत्र एका घरचं नाही. मरणासन्न अवस्थेतल्या उपचारांबद्दल आपली इच्छा लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. ती जरूर लिहा. पण कुठल्याच कायद्याच्या कागदावर नसतात असे प्रश्नही आज, धड असताना घरच्यांशी बोलून ठेवा: मी उपास विसरले तर मला जेवू घालायचं का? जुन्या नावाने हाक मारलेली मला चालेल का? माझं उत्तर मी मुलाला सांगून ठेवलंय. औषधं आणि पैसे यांबाबत आजची मी जे सांगते ते पाळ. ताटाबाबत तेव्हाच्या मला विचार. ती काही बोललीच नाही तर तिचे हात काय करतात ते बघ.

ताई, तुमचे मामा किंवा मामेभाऊ मालवणला असतील. या रविवारी दादा आले की स्पीकरवर फोन लावा. त्यांना विचारा, लहानपणी आईला लाडाने काय म्हणत, दारात येणाऱ्या गाबतिणीचं नाव काय होतं, शेजारी कोण राहत होतं. उत्तरं वहीत लिहून घ्या, आणि दादांनाच लिहायला बसवा. मग थोडा वेळ फोन आईच्या कानाशी धरा आणि त्यांना मालवणीत बोलू द्या. कुणी इकडे येणार असेल तर मूठभर सुकी तिरफळं आणायला सांगा, फलटणच्या बाजारात ती सहज मिळायची नाहीत.